स्क्रू नसलेलं खेळणं उघडायचं कसं

जत्रेत, आठवडी बाजारात नाहीतर लोकलच्या डब्यात विकायला येतो तो खेळण्यातला मोबाइल बघा. पुढे बारा-पंधरा बटणं. एक दाबलं की गाण्याची ओळ, दुसरं दाबलं की कुत्रं भुंकतं, तिसऱ्यावर कुणीतरी बाई "हॅलो, हॅलो" म्हणते. मागे सेलचं झाकण आणि त्याला एक बारका स्क्रू. बाकी अंगावर शोधूनही स्क्रू सापडत नाही. लहान मूल असलेल्या घरात असा एखादा मुका झालेला मोबाइल खणात असतोच, आणि तो उघडून बघायची हौस मुलापेक्षा मोठ्या माणसांनाच जास्त असते.

हा लेख अशाच कायमच्या बंद केलेल्या खेळण्यांसाठी आहे. उदाहरणाला मोबाइल घेतला आहे, पण अक्षरं म्हणणारी पाटी, प्राण्यांचे आवाज काढणारी पेटी, हातभर लांबीचा पियानो, सगळ्यांची बांधणी थोड्याफार फरकाने तीच. अशी खेळणी उघडताना फुटतात त्याचं कारण बहुतेकदा घाई असतं. खटक्यांचा, म्हणजे प्लास्टिकचे आकडे एकमेकांत अडकवलेला, सांधा चिकटवलेला समजून कापला जातो, नाहीतर चिकटवलेला सांधा खटक्यांचा समजून उचकटला जातो. म्हणून पहिली दहा-पंधरा मिनिटं हातात हत्यार घ्यायचंच नाही, फक्त बघायचं.

काय उघडायचं नाही

भिंतीतल्या विजेवर चालणारं काहीही नको, चार्जरसुद्धा नको. खरा फ्लॅश असलेला कॅमेरा तर नकोच, मग तो वापरून टाकायचा स्वस्तातला का असेना. त्यातल्या कपॅसिटरमध्ये, म्हणजे वीज साठवणाऱ्या भागात, ३०० व्होल्टच्या आसपास दाब असतो आणि सेल काढल्यावरही तो बराच वेळ टिकतो. चार्ज होणाऱ्या गाड्या आणि ड्रोनमध्ये चंदेरी पाकिटातली लिथियम बॅटरी असते. तिला सुरीचं टोक लागलं तर धूर आणि आग, दोन्हीची तयारी ठेवावी लागते. खेळण्याचं पोट फुगलेलं दिसत असेल तर ती बॅटरीच फुगलेली असते. त्याला हात लावू नका. साध्या सेलवर चालणारं, हातात मावणारं, आवाज किंवा दिवे असलेलं खेळणं हे सुरुवातीला सगळ्यात बरं.

सेल काढा आणि लगेच ठेवून द्या

मागचं झाकण उघडून सेल काढा. मग कुठलंही बटण पाच-दहा सेकंद दाबून धरा, म्हणजे आत उरलासुरला भार निघून जाईल. मोबाइलसारख्या खेळण्यात सहसा दोन पेन्सिल सेल असतात, नाहीतर तीन बटन सेल. बटन सेलवर एलआर४४ किंवा एजी१३ लिहिलेलं असतं. दोन्ही एकच: ११.६ मिमी व्यास, ५.४ मिमी जाडी, दीड व्होल्ट. त्याहून रुंद आणि चपटा, २० मिमी व्यासाचा सीआर२०३२ निघाला तर तो ३ व्होल्टचा लिथियम सेल आहे.

हे सेल टेबलावर पडू देऊ नका, लगेच झाकणाच्या डबीत टाका. लहान मुलाने गिळलेला लिथियम सेल अन्ननलिकेत अडकला की लाळेतून वीज वाहायला लागते, सेलच्या टोकाशी अल्कली तयार होते आणि ती मांस जाळते. दोन तासांत गंभीर इजा होऊ शकते. असं घडल्याची नुसती शंका आली तरी मूल रडतंय की नाही हे बघत बसू नका, उलटी करवू नका, थेट इस्पितळ गाठा. बटन सेलचा कप्पा हत्याराशिवाय उघडता येऊ नये असं विजेच्या खेळण्यांचं मानक म्हणतं ते याचसाठी. आपल्याकडे १ जानेवारी २०२१ पासून खेळण्यांना आयएसआय चिन्ह सक्तीचं आहे आणि विजेच्या खेळण्यांना आयएस १५६४४ हे मानक लागू आहे. रस्त्यावरच्या मालाला हे चिन्ह बऱ्याचदा नसतं. तुमच्या खेळण्याचं झाकण नखाने उघडत असेल तर ते मुलाच्या हातात होतं तेव्हाच जास्त धोक्याचं होतं.

सेल काढलेच आहेत तर कप्प्यातल्या स्प्रिंगा आणि पट्ट्या बघून घ्या. पांढरा किंवा हिरवट थर दिसला तर खेळणं बंद पडायचं कारण बहुधा तिथेच आहे. अल्कलाइन सेल गळला असेल तर व्हिनेगरमध्ये बुडवलेला कापसाचा बोळा फिरवा, मग स्पिरिटने पुसा, बारीक पॉलिश पेपर मारा आणि नवे सेल घालून बघा. खेळणं बोलायला लागलं तर उघडायचं की नाही हे पुन्हा ठरवावं लागेल.

खरंच स्क्रू नाहीत का?

लपवलेले स्क्रू हा खेळणी बनवणाऱ्यांचा आवडता उद्योग. मागच्या स्टिकरवरून अंगठ्याचं नख दाबत फिरवा. खाली भोक असेल तर नख किंचित आत जातं आणि कागदावर गोल वळ उमटतो. स्टिकर हेअर ड्रायरने कोमट करून एका कोपऱ्यातून सावकाश सोला, म्हणजे परत लावता येतो. खाली रबरी पाय असतील तर ते उचलून बघा. सेलच्या कप्प्यात, स्प्रिंगांच्या शेजारीही बघा. कधी प्लास्टिकची गोल बुचं इतकी बेमालूम बसवलेली असतात की ती नक्षीच वाटते.

स्क्रू खोल नळीत असेल तर जाड दांड्याचा स्क्रू ड्रायव्हर आत जात नाही, बारीक आणि लांब दांड्याचा लागतो. डोकं त्रिकोणी निघालं तर मोबाइल दुरुस्तीच्या संचात त्रिकोणी बिट मिळतो. चपट्या स्क्रू ड्रायव्हरने तो त्रिकोण फिरवायला जाल तर डोकं गुळगुळीत होईल आणि मग ड्रिलशिवाय गत्यंतर उरणार नाही.

सांधा वाचणं

स्क्रू नाहीत अशी खात्री झाली की दोन अर्ध्या कवचांमधली रेघ उजेडात धरून बघा. खेळणं दोन्ही हातांत घेऊन त्या रेघेजवळ दाबा, सोडा, थोडं पुढे सरका, पुन्हा दाबा.

दाबल्यावर केसाएवढी फट पडत असेल, मध्येच करकर किंवा टिकटिक होत असेल, तर आत खटके आहेत. दोन खटक्यांच्या मधला भाग जास्त दबतो आणि खटक्याच्या जागी कवच घट्ट लागतं. सगळीकडे दाबून बघितलं की खटके कुठे आहेत ते कळतं. तिथे पेन्सिलीने खूण करा.

रेघेच्या कडेने चकचकीत ओघळ असेल, कुठे पांढुरकी बुरशीसारखी छटा असेल, तर गोंद आहे. ही पांढरी छटा फेविक्विकच्या जातीच्या गोंदाची खूण. त्याची वाफ आसपासच्या प्लास्टिकवर बसते.

फट नाही, आवाज नाही, दाबलं तर अख्खं खेळणं एकसंध असल्यासारखं वाटतं आणि रेघेतून कुठेकुठे प्लास्टिकचा बारीक मणी बाहेर आलेला दिसतो? मग तो सांधा अल्ट्रासॉनिक वेल्डिंगचा आहे. बाजारातल्या 'न उघडणाऱ्या' खेळण्यांत हाच प्रकार भरपूर असतो. यात एका अर्ध्याच्या कडेवर साच्यातच त्रिकोणी बारीक धार काढलेली असते. दुसरा अर्धा त्यावर ठेवतात, वरून धातूचा ठोकळा टेकवतात आणि तो सेकंदाला २०,००० वेळा किंवा त्याहून जास्त वेळा थरथरतो. सगळी ऊर्जा त्या धारेवर एकवटते, धार वितळते आणि दोन्ही अर्धे एकजीव होतात. सारं काम सेकंदाच्या आत-बाहेर. ना स्क्रूचा खर्च, ना गोंद वाळायची वाट. ही पद्धत १९६० च्या दशकात आली आणि खेळण्यांच्या कारखान्यांनी ती लगेच उचलली.

उघडू देत नाही म्हणून कारखान्याला शिव्या घालणारे पुष्कळ भेटतात. मला ते अर्धंच पटतं. तीन वर्षांखालच्या मुलाचं खेळणं तपासताना पाडतात, पिळतात, ओढतात, दाबतात, आणि त्यातून सुटलेला तुकडा ३१.७ मिमी व्यासाच्या नळकांड्यात पूर्ण मावला तर खेळणं नापास होतं. वेल्ड केलेलं कवच ही परीक्षा सहज पार करतं. दुरुस्ती करायची सोय मात्र त्यात कायमची जाते, ती तक्रार रास्त आहे.

आत काय कुठे आहे, बाहेरूनच

खोलीत अंधार करा आणि फोनचा टॉर्च कवचाला चिकटवून धरा. पांढरं, पिवळं, गुलाबी प्लास्टिक असेल तर आतले खांब, सर्किटच्या पाटीची कड आणि वायरींच्या सावल्या दिसतात. मग दोऱ्याला टाचणी बांधून ती कवचावरून हळू फिरवा. जिथे ती ओढली जाते तिथे स्पीकरचं चुंबक आहे. या दोन तपासण्यांतून सुरी कुठल्या बाजूने चालवायची ते ठरतं: स्पीकरपासून आणि सेलच्या कप्प्यापासून लांबची बाजू आधी.

हत्यारं

फार काही लागत नाही. जुनं एटीएम कार्ड आणि गिटारचे दोन-तीन पिक, बदलत्या पात्याची सुरी, बारीक दात्यांच्या हॅक्सॉ ब्लेडचा वीतभर तुकडा (एका टोकाला चिकटपट्टी गुंडाळून मूठ करा), रुंद बोथट पटाशी, लहान हातोडी, हेअर ड्रायर. बेंच वाईस, म्हणजे टेबलाला बसवलेला आवळायचा शिकंजा, असेल तर उत्तम. शेजारच्या फॅब्रिकेशनवाल्याकडे असतोच. डोळ्यांना चष्मा हवा, आणि तो नंबरचा असून भागत नाही, बाजूने बंद असलेला घ्या. वेल्डचा सांधा तडकतो तेव्हा प्लास्टिकचे टोकदार कण चांगले उडतात. सुरी धरलेल्या हाताला नको, खेळणं धरलेल्या हाताला जाड मोजा घाला.

गरगर फिरणारं छोटं कटर मी मुद्दाम सांगत नाही. त्याच्या वेगाने प्लास्टिक कापलं जाण्याऐवजी वितळतं, मागे पुन्हा चिकटतं, आणि चकती केव्हा वायरीपर्यंत पोचली ते कळत नाही.

खटक्यांचा सांधा

पिक किंवा कार्डाचा कोपरा दोन खटक्यांच्या मधल्या फटीत घाला आणि फिरवण्यापेक्षा खटक्याकडे सरकवत न्या. पहिला खटका सुटला की तिथे दुसरा पिक अडकवून ठेवा, नाहीतर पुढचा सोडवताना मागचा पुन्हा बसतो. थंडीत हे प्लास्टिक ठिसूळ होतं, त्यामुळे डिसेंबरात नाशिकला किंवा महाबळेश्वरला हे करत असाल तर आधी ड्रायरने कोमट करून घ्या. धातूचा स्क्रू ड्रायव्हर घुसवलात तर खटका सुटेल, पण कडेला दात लागल्यासारखे व्रण राहतील.

गोंदाचा सांधा

आधी कुठला गोंद ते बघा. ग्लू गनचा मेणचट गोंद असेल तर कडेने स्पिरिटचे, म्हणजे आयसोप्रोपिल अल्कोहोलचे, दोन-चार थेंब सोडा. तो विरघळत नाही, पण प्लास्टिकची पकड सोडतो आणि पापुद्र्यासारखा निघतो. दुतर्फी टेप असेल तर हेअर ड्रायर पुरतो. जवळ धरून भाजू नका. एबीएस प्लास्टिक १०० अंशांच्या आसपास मऊ पडतं, पण पातळ कवच त्याच्या बऱ्याच आधी वाकडं होतं.

फेविक्विकसारख्या गोंदाला उलट थंडी लागते. सेल काढलेलं खेळणं घट्ट बंद पिशवीत घालून दोन-तीन तास फ्रीजरमध्ये ठेवा. बाहेर काढल्याबरोबर सांध्यावर पटाशी टेकवून हलका ठोका द्या. गोंद काचेसारखा तडकतो. फट पडली की थांबा. खेळणं पिशवीतच ठेवून खोलीच्या तापमानाला येऊ द्या, मग उघडा. गार पाटीवर हवेतलं दव धरतं, आणि कोकणात-मुंबईत ते क्षणात धरतं.

नेलपॉलिश रिमूव्हर वापरावा का, असं हमखास विचारलं जातं. वापरू नका. त्यातलं ॲसिटोन गोंदाआधी एबीएसलाच खातं, पॉलिस्टायरीनलाही. कवच लिबलिबीत होतं आणि बटणं जागच्या जागी चिकटून बसतात.

वेल्डचा सांधा

इथे वेळ लागतो. सांधा वितळून एकजीव झालेला असला तरी तो कवचाच्या भिंतीपेक्षा अरुंद असतो, शिवाय ठिसूळ असतो. म्हणून तो फाडण्यापेक्षा तडकवणं सोपं.

वाईस असेल तर दोन्ही जबड्यांना जाड कापड लावा. खेळणं असं धरा की जबडे फक्त एकाच अर्ध्याच्या दोन बाजूंच्या भिंतींवर, सांध्याच्या रेघेला लागून खाली दाबतील आणि दुसरा अर्धा जबड्यांच्या वर मोकळा राहील. आता दांडा पाव फेऱ्याने आवळा. खालच्या भिंती आत झुकायला बघतात, वरच्या जागेवर असतात, आणि सगळा ताण मधल्या सांध्यावर येतो. "कट्" असा कोरडा आवाज आला की लगेच सैल करा, खेळणं दोन बोटं पुढे सरकवा, पुन्हा आवळा. आवाज आला नाही म्हणून आवळत राहू नका. भिंत पांढरी पडायला लागली म्हणजे ती आता फुटणार आहे.

वाईस नसेल तर सुरी. पात्याची धार वापरण्याआधी पात्याची पाठ वापरून बघा. टोक रेघेत टेकवून पाठीच्या बाजूने आपल्याकडे ओढलं की बारीक सालपट निघतं आणि खाच पडते. पातं सटकत नाही, हातही वाचतो. तीच रेघ पंधरा-वीस वेळा ओढायची, अख्ख्या परिघावर. खाच नीट पडली की मग हॅक्सॉचा तुकडा. खेळण्याच्या भिंती साधारण दीड ते अडीच मिमी जाड असतात. ब्लेडच्या दात्यांपासून दोन मिमी अंतरावर चिकटपट्टीची कड येईल अशी पट्टी लावा, म्हणजे ब्लेड त्याहून आत जात नाही. आवाज बदलला, करवतणं अचानक हलकं झालं, की तिथली भिंत कापली गेली. पुढे सरका. सगळा परिघ आरपार कापायची गरज नसते. बरंच कापून झालं की रुंद पटाशी खाचेत उभी धरून हातोडीने टिचक्या मारा, उरलेलं आपोआप तडकतं.

चारी बाजू सुटल्या तरी पोट सुटत नाही, असं पुष्कळदा होतं. आत मध्यभागी एका अर्ध्याची खुंटी दुसऱ्याच्या नळीत ठोकून बसवलेली असते. टॉर्चच्या उजेडात दिसलेले खांब आठवा, त्यांच्या जवळ कार्ड सरकवा आणि तिथेच पीळ द्या. लांबच्या टोकाला धरून उचकटलंत तर कवच नेमकं मधोमध चिरतं.

फट पडल्यावर

ओढू नका. मोबाइल पालथा करा, बटणांची बाजू टेबलावर, आणि मागचा अर्धा सरळ वर उचला. बटणं पुढच्या भोकांत नुसती ठेवलेली असतात. खेळणं उताणं उघडलंत तर बारा बटणं बारा दिशांना जातात. मागचा अर्धा दोन बोटं उचलला की डोकावून वायरी बघा. सेलच्या कप्प्याची लाल-काळी जोडी मागच्या अर्ध्याला असते, पाटी पुढच्या अर्ध्याला, आणि मधली वायर जेमतेम तेवढीच लांब असते. तिचा डाग, म्हणजे सोल्डरचा जोड, अगदी नाजूक असतो. दोन्ही अर्धे एका बाजूला कलंडवून शेजारी ठेवा. आणि आधी फोटो काढा. कुठली वायर कुठल्या टोकाला होती हे अर्ध्या तासाने अजिबात आठवत नाही.

आत काय असतं

इतकी मेहनत करून उघडलं की आत रिकामपण दिसतं. तपकिरी रंगाची, एकाच बाजूला तांबं असलेली पाटी, दोन-चार वायरी, एक स्पीकर, ग्लू गनचे टिपके. बस्स. पण प्रत्येक गोष्टीला थोडा वेळ द्या.

बटणांखाली रबराचा एकच सलग तुकडा असतो, त्यावर उंचवटे, आणि प्रत्येक उंचवट्याच्या आत काळा ठिपका. तो ठिपका कार्बनचा. पाटीवर त्याच्या समोर तांब्याचे दोन कंगवे एकमेकांत दाते घालून, पण न टेकता बसलेले असतात. बटण दाबलं की ठिपका दोघांना जोडतो. टीव्हीच्या रिमोटमध्ये अगदी हेच असतं. बटण दोनदा दाबावं लागत असेल तर ठिपका आणि कंगवा स्पिरिटने पुसा. ठिपका नखाने खरवडू नका, कार्बन निघून जातो.

पाटीच्या मधोमध काळ्या डांबराचा थेंब सुकल्यासारखं जे दिसतं तीच चिप. नेहमीच्या पायांची काळी चौकोनी चिप घेण्याऐवजी उघडा सिलिकॉनचा तुकडा थेट पाटीवर चिकटवतात, त्याच्या टोकांपासून तांब्यापर्यंत केसाहून बारीक तारा ओढतात आणि वरून इपॉक्सी टाकतात. यातल्या ॲल्युमिनियमच्या तारा जोडायलाही अल्ट्रासॉनिक थरथरच वापरतात, म्हणजे बाहेरचं कवच आणि आतली चिप एकाच युक्तीने जोडलेली. तो थेंब खरवडून चिप बघायचा मोह होतो. खेळणं पुन्हा बोलायला हवं असेल तर त्याला हात लावू नका. पहिली तार तुटली की संपलं.

गाणी, भुंकणं, "हॅलो" हे सगळं त्या थेंबाखाली कायमचं कोरलेलं असतं, म्हणून नवं गाणं भरता येत नाही. जागा वाचवायला आवाज फार कमी तपशिलाने साठवतात, त्यामुळे तो डब्यातून आल्यासारखा लागतो. अमेरिकेत टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सने १९७८ साली 'स्पीक अँड स्पेल' नावाचं स्पेलिंग शिकवणारं खेळणं काढलं. त्यात माणसाचा आवाज एका चिपमध्ये तयार करणं ही मोठी बातमी होती. आज ते काम जत्रेतल्या मोबाइलमध्ये होतं आणि कुणी मान वर करून बघत नाही.

स्पीकर तपासायला मल्टिमीटर (वीज मोजायचं यंत्र) ओहमवर, म्हणजे रोध मोजायच्या खुणेवर ठेवून दोन टोकांना लावा. आकडा आठच्या आसपास येतो आणि टेकवताना स्पीकर बारीक "खर्र" करतो. हे झालं तर स्पीकर ठीक. स्पीकरच्या जागी नुसती पितळेची पातळ चकती असेल तर तो पिझो, म्हणजे चकतीच थरथरवून आवाज काढणारा भाग, त्याला हा आकडा येणार नाही आणि तो बिघडलेलाही नसेल. आपोआप रंग बदलणारा एलईडी निघाला तर जपून ठेवा. त्याच्या आत स्वतःची चिमुकली चिप असते, नुसत्या ३ व्होल्टवर तो एकटाच लुकलुकत बसतो.

मुकं खेळणं असेल तर या क्रमाने बघा: सेलच्या पट्टीपासून पाटीपर्यंत वीज पोचते का, वायरीचा डाग सुटलाय का, स्पीकरची वायर तुटलीय का. बिघाड बहुधा या तीनपैकी एक असतो. डाग पुन्हा लावायला दोन मिनिटं लागतात. स्पीकरच गेला असेल तर पुण्यात तपकीर गल्लीत आणि मुंबईत लॅमिंग्टन रोडला त्याच मापाचा मिळतो. जुना सोबत न्या, नाहीतर दुकानदार चार प्रश्न विचारतो आणि एकाचंही उत्तर आपल्याकडे नसतं.

आवाज वाकवणं

सेल उतरायला लागला की खेळण्याचा आवाज जड आणि रडका होतो, हे सगळ्यांनी ऐकलेलं आहे. चिपच्या आत घड्याळासारखा ठोके देणारा भाग असतो, त्या ठोक्यांवर आवाज वाजवला जातो. स्वस्त खेळण्यात हे ठोके घड्याळासारख्या अचूक क्रिस्टलवर न ठेवता साध्या रेझिस्टरवर, म्हणजे विजेला रोध करणाऱ्या भागावर, ठेवलेले असतात, आणि दाब कमी झाला की त्यांचा वेग घसरतो.

पाटीवर थेंबाच्या शेजारी एकुलता एक रेझिस्टर दिसला तर तो बहुधा हाच. गाणं चालू असताना ओलसर बोट त्याच्या दोन्ही टोकांवर ठेवा. बोटातून वाट मिळाल्याने एकूण रोध कमी होतो, ठोके वाढतात आणि बाईचा आवाज चिमणीसारखा बारीक होतो. बोट दाबलं की अजून बारीक. सेलवर चालणाऱ्या खेळण्यातच हे करायचं, चार्जर जोडलेला असताना मुळीच नाही. हे आवडलं तर त्या रेझिस्टरच्या जागी फिरवायचा पॉट, म्हणजे फिरवून रोध कमी-जास्त करता येणारा रेझिस्टर, लावता येतो. त्याच्याशी एक साधा रेझिस्टर ओळीने जोडायला विसरू नका, नाहीतर पॉट शून्यावर आला की चिप अडकते आणि सेल काढून पुन्हा घालावे लागतात. अमेरिकेतल्या रीड गझालाने १९६० च्या दशकात टेबलाच्या खणात पडलेल्या छोट्या ॲम्प्लिफायरचं असंच चुकून शॉर्ट झालेलं ऐकलं आणि त्यातून खेळण्यांचे आवाज वाकवायचा अख्खा छंद उभा राहिला.

परत बंद करताना

वेल्ड पुन्हा होत नाही. कापलेल्या कडा कानशीने साफ करून एबीएसचे तुकडे थोड्या ॲसिटोनमध्ये विरघळवा. ती खळ कडेला लावून रबर बँडने रात्रभर आवळून ठेवलं की सांधा चांगला धरतो. मघाशी नको म्हटलेलं ॲसिटोन इथे चालतं, पण थेंबभरच, खिडकी उघडी ठेवून आणि गॅसच्या शेगडीपासून लांब. पुन्हा उघडायचं असेल तर नुसती काळी चिकटपट्टी किंवा कोपऱ्यात दोन बारीक स्क्रू पुरतात.

कसंही बंद केलंत तरी हे खेळणं तीन वर्षांखालच्या मुलाला परत देऊ नका. आपण चिकटवलेला सांधा पाडण्या-पिळण्याच्या परीक्षेला उतरेल असं धरता येत नाही. मोठं मूल शेजारी बसून उघडताना बघत असेल तर मात्र त्याला मल्टिमीटरची टोकं धरू द्या, बटणांचं रबर हाताळू द्या. सुरी आणि वाईस तुमच्याकडे.

बंद करण्यात अर्थ नसेल तर स्पीकर, सेलचा कप्पा, स्विच, एलईडी आणि वायरी काढून ठेवा. पुढच्या दुरुस्तीला हेच लागतं. उतरलेल्या बटन सेलच्या दोन्ही बाजूंना चिकटपट्टी लावा, म्हणजे ते एकमेकांना टेकून तापणार नाहीत. ई-कचऱ्याचे २०२२ चे नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू आहेत आणि त्यांच्या यादीत खेळणीही आहेत, तेव्हा पाटी घंटागाडीत ओल्या-सुक्यात टाकू नका. ती आणि सेल वेगवेगळ्या पिशव्यांत ठेवा, आणि सोसायटीत किंवा वॉर्डात ई-कचरा गोळा करणारी गाडी येईल तेव्हा द्या.